मुनीमजी, गोदाम आणि शेठ: एकाच सर्व्हरवर प्रत्येकाचा रिमोट डेस्कटॉप वेगळा कसा ठेवायचा

इंदूरच्या मध्यम आकाराच्या व्यापारी ऑफिसात हे चित्र सर्रास दिसतं. सियागंजात पेढी, देवास नाक्याकडे गोदाम, सुदामा नगरात राहणारा अकाउंटंट आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणारा, आणि शेठ महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. या सगळ्यांसाठी एकच विंडोज सर्व्हर, आणि आपापल्या जागेवरून त्याचा पडदा उघडून काम करायची सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप. त्यावर टॅली, स्टॉकचं एक जुनं सॉफ्टवेअर, एक्सेल आणि पत्रव्यवहाराच्या फायली. सर्व्हर आला त्या दिवशी सगळ्यांना सारखाच डेस्कटॉप दिला जातो आणि कुरबुरी तिथूनच सुरू होतात. गोदामातल्या पोराला पगाराच्या फायली दिसतात, मुनीमजींचं बिल भलत्याच प्रिंटरवर निघतं, शेठच्या लॅपटॉपवर अक्षरं मुंगीएवढी होतात.

वेगवेगळी मांडणी देणं तसं कठीण नाही. घोळ होतो तो कुठली सेटिंग कुठे राहते हे न पाहिल्यामुळे. जागा तीन आहेत. पहिली मशीनची: तिथे लावलेलं सगळ्यांना लागतं. दुसरी वापरकर्त्याची: एकेका लॉगिनपुरती. तिसरी म्हणजे समोरच्याच्या कॉम्प्युटरवर पडलेली आरडीपी फाइल, म्हणजे सर्व्हरशी जोडायच्या सेटिंगची फाइल. ही फाइल सोयीची आहे, पण ती नोटपॅडमध्ये उघडून कुणीही बदलू शकतो. त्यामुळे तिच्यात लिहिलेली कुठलीही बंदी ही बंदी नव्हे, विनंती आहे.

खालचं सगळं विंडोज सर्व्हर २०१९ किंवा २०२२, डोमेन (सगळी खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर) नाही, नुसता वर्कग्रुप (प्रत्येक मशीनची खाती तिच्याजवळच) आणि आठ ते पंधरा माणसं, असं धरून लिहिलं आहे. डोमेन असेल तर काही गोष्टी सोप्या होतात, पण सियागंजातल्या पेढीवर डोमेन कंट्रोलर क्वचितच असतो.

आधी लायसन्सचं निस्तरा

विंडोज सर्व्हर नुसता बसवला तर एका वेळी दोनच रिमोट सेशन, म्हणजे सर्व्हरवर उघडलेले दोनच पडदे, चालतात आणि तीही देखभालीसाठी दिलेली. तिसरा माणूस आत यायचा तर रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट आणि रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग हे दोन रोल टाकावे लागतात. त्यानंतर १२० दिवसांची सवलत मिळते. या १२० दिवसांत सगळं सुरळीत चालतं, म्हणून लायसन्सची आठवण कुणाला राहत नाही. १२१व्या दिवशी सकाळी लायसन्स सर्व्हर सापडत नाही असा निरोप येतो आणि अख्खं ऑफिस बाहेर. अशा वेळी एमएसटीएससी स्लॅश अ‍ॅडमिन या कमांडने व्यवस्थापकाला आत जाता येतं, एवढाच दिलासा.

लायसन्स दोन प्रकारची असतात, माणशी आणि यंत्रामागे. वर्कग्रुपमध्ये यंत्रामागची, म्हणजे पर डिव्हाइस घ्या. माणशी लायसन्सचा हिशेब डोमेनमधल्या खात्यांवर ठेवला जातो. वर्कग्रुपमध्ये तोच मोड लावला तर २०१९पासून पुढच्या सर्व्हरवर दर सेशनला "६० मिनिटांत बंद होईल" अशी सूचना येते आणि बरोबर तासाने माणूस बाहेर फेकला जातो. दर तासाला सेशन तुटतं म्हटलं की लोक आधी इंटरनेटवाल्याला फोन लावतात. आधी लायसन्सिंग मोड बघा. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला तर त्याचं लायसन्स मॅनेजरमधून परत घेता येतं, पण एका वेळी एकूण लायसन्सच्या २० टक्क्यांपर्यंतच. एरवी ते ५२ ते ८९ दिवसांत आपोआप मोकळं होतं.

आणखी दोन गोष्टी. ही लायसन्स सर्व्हरच्या नेहमीच्या क्लायंट लायसन्सशिवाय वेगळी घ्यावी लागतात. आणि २०१९ची लायसन्स २०२२च्या सर्व्हरवर चालत नाहीत, उलट चालतात. विंडोज १० किंवा ११वर रॅपर (ही बंदी चुकवणारं छोटं सॉफ्टवेअर) बसवून पाच जणांना आत घेण्याची जी युक्ती बाजारात फिरते ती परवान्यात बसत नाहीच. शिवाय अपडेटने टर्मिनल सर्व्हिसची, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचीच, डीएलएल फाइल बदलली की ती कोलमडते, आणि ते नेमकं महिनाअखेरीला होतं.

लॉगिन आणि जुन्या सॉफ्टवेअरची भानगड

प्रत्येक माणसाला स्वतःचं लॉगिन हवं. "अकाउंट्स" नावाचं एकच लॉगिन तिघांत वाटलं तर एकाने आत येताच दुसऱ्याचा पडदा जातो, कारण एका लॉगिनला एकच सेशन असा मशीनचा मूळ नियम आहे. हा नियम सैल करू नका. तो सैल केला तर तुटलेलं सेशन परत मिळण्याऐवजी नवं उघडतं आणि जुन्यात टॅली तसंच चालू राहतं.

लॉगिन केलं की ते रिमोट डेस्कटॉप यूझर्स या ग्रुपात टाका आणि शिवाय आपले ग्रुप करा: हिशेब, गोदाम, मालक. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये कुणालाही टाकू नका, शेठलाही नाही. हे सांगितलं की हमखास ऐकू येतं, "पण अ‍ॅडमिन केल्याशिवाय आमचं स्टॉकचं सॉफ्टवेअर चालतच नाही." यात तथ्य आहे, पण इलाज दुसरा आहे.

जुनी ३२-बिट सॉफ्टवेअरं आपला डेटा प्रोग्राम फाइल्समध्येच लिहितात. साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची मुभा नसते. विंडोज अशा वेळी चूक दाखवत नाही, गुपचूप लिखाण वळवतं. वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर नावाचं फोल्डर असतं, तिथे त्या फाइलची वेगळी प्रत बनते. परिणाम असा की गोदामातल्या माणसाने ४० पोती आवक चढवली, त्याला ती दिसतेय, पण पेढीवर स्टॉक जुनाच. दोघेही खरं बोलत असतात आणि दोघांची फाइल वेगळी असते. इलाज म्हणजे डेटाचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवणं. सॉफ्टवेअर हलू देत नसेल तर फक्त त्या एका फोल्डरवर आपल्या ग्रुपाला मॉडिफायची मुभा देणं. त्यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात: प्रत्येकाच्या व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी प्रत काढायची. ती राहिली तर सॉफ्टवेअर वाचताना आधी तीच उचलतं आणि मुभा देऊनही काही बदललं नाही असं वाटतं. काढण्याआधी तिची नक्कल बाजूला ठेवा, त्यात कुणाच्या तरी महिन्याभराच्या नोंदी असतात.

सॉफ्टवेअर बसवताना सर्व्हर इन्स्टॉल मोडमध्ये हवा. चेंज यूझर स्लॅश इन्स्टॉल ही कमांड आधी, बसवून झालं की चेंज यूझर स्लॅश एक्झिक्यूट. असं केलं नाही तर जुनी सॉफ्टवेअरं आपल्या सेटिंग फक्त बसवणाऱ्याच्या खात्यात ठेवतात आणि बाकीच्यांना पहिल्याच वेळी ती अर्धवट उघडतात.

पासवर्डचाही एक सापळा आहे. वर्कग्रुपमधल्या सर्व्हरवर पासवर्डची मुदत मुळात ४२ दिवसांची असते. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (पडदा उघडण्याआधीच पासवर्ड तपासणं) चालू असताना, आणि ते चालूच हवं, मुदत संपलेला पासवर्ड घेऊन माणूस दारापर्यंतही पोचत नाही. मग तो बदलायचा कुठे? म्हणजे सहा आठवड्यांनी एका सकाळी सगळे एकदम अडकतात. नव्या लॉगिनवर "पुढच्या वेळी पासवर्ड बदला" ही खूण ठेवली तरी हेच होतं. मुदत वाढवा आणि पासवर्ड लांब ठेवा. ज्याला बदलायचा आहे त्याने सेशनच्या आत कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबून बदलावा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं तर समोरचा कॉम्प्युटर प्रतिसाद देतो, सर्व्हर नाही.

डोमेन नसताना एकेकाला वेगळी पॉलिसी

पॉलिसी, म्हणजे वापराचे नियम, ठरवायचं साधन जीपीएडिट. ते उघडून तिथे यूझर कॉन्फिगरेशनमध्ये काही बदललं तर ते सगळ्यांना लागतं, व्यवस्थापकालाही. बरेच जण स्वतःचाच टास्क मॅनेजर असा बंद करून बसतात. वेगळी पॉलिसी द्यायची तर एमएमसी (विंडोजचा व्यवस्थापन कन्सोल) उघडा, फाइल मेनूतून स्नॅप-इन जोडा, ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर निवडा. तो जोडताना ब्राउझचं बटण येतं आणि त्यात यूझर्स नावाचा टॅब असतो. तिथे एकेक लॉगिन दिसतं, शिवाय नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स असा एक पर्याय. हवा तो निवडून कन्सोल नावानिशी सेव्ह करून ठेवा.

मर्यादा अशी की आपण बनवलेल्या "गोदाम" ग्रुपाला इथे पॉलिसी लावता येत नाही. एक तर सगळे बिगर-अ‍ॅडमिन, नाही तर एकेक माणूस. म्हणून सगळ्यांना समान ते नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये टाका आणि फरकापुरतंच माणसागणिक लिहा. क्रम ठरलेला आहे: आधी सर्वसाधारण, मग बिगर-अ‍ॅडमिन, शेवटी व्यक्तीची. शेवटची जिंकते. पण तीच सेटिंग कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्येही भरलेली असेल तर रिमोट डेस्कटॉपच्या बाबतीत तिकडची वरचढ ठरते. म्हणून ज्या गोष्टी माणसागणिक वेगळ्या हव्यात त्या मशीनच्या बाजूला "नॉट कॉन्फिगर्ड" ठेवणं भाग आहे. एखाद्याची पॉलिसी लागत नाही असं वाटलं तर पहिली नजर तिकडे टाका.

एक जुनी सवय सोडून द्या. लोकल यूझर्समध्ये लॉगिनच्या प्रॉपर्टीत एन्व्हायर्नमेंट आणि सेशन्स असे टॅब अजून दिसतात. सर्व्हर २०१२पर्यंत तिथे भरलेलं चालायचं. २०१६च्या आवृत्तीपासून सर्व्हर मुळात ते विचारतच नाही. टॅब तेवढे राहिलेत.

गोदाम: एकच खिडकी

गोदामातल्या माणसाला स्टॉकचं सॉफ्टवेअर सोडून काही नको. त्याच्या नावाच्या पॉलिसीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट असं खाली जा. तिथे "स्टार्ट अ प्रोग्रॅम ऑन कनेक्शन" आहे. प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या आणि वर्किंग डिरेक्टरीही भरा, कारण जुनी सॉफ्टवेअरं आपली आयएनआय फाइल चालू फोल्डरात शोधतात आणि ती न सापडल्यास रिकामी कंपनी उघडतात. आता लॉगिन केलं की टास्कबार नाही, स्टार्ट मेनू नाही, फक्त तो प्रोग्रॅम. तो बंद केला की सेशनही संपतं, आणि गोदामात हेच हवं असतं.

पण हा काही पक्का पिंजरा नव्हे. फाइल-ओपनची खिडकी उघडता येत असेल तर तिथून ड्राइव्ह फिरता येतात. कंट्रोल-ऑल्ट-एंडवरून टास्क मॅनेजर, तिथून नवा टास्क, आणि पोरगा एक्सप्लोररमध्ये. म्हणून त्याच पॉलिसीत टास्क मॅनेजर काढा, रन काढा, कमांड प्रॉम्प्ट बंद करा. "हाइड ड्राइव्ह्ज"वर भिस्त ठेवू नका, ती फक्त चित्र लपवते, पत्ता टाइप केला की ड्राइव्ह उघडतो. खरी भिंत एनटीएफएसची, म्हणजे फाइल-फोल्डरवरच्या मुभांची: पगाराच्या फोल्डरावर गोदाम ग्रुपाला वाचायचीही मुभा नको.

हिशेबाच्या लोकांना पूर्ण डेस्कटॉप द्या, पण शॉर्टकट प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर हाताने चिकटवत बसू नका. ते पब्लिक डेस्कटॉपवर ठेवा आणि शॉर्टकटच्याच सिक्युरिटी टॅबमध्ये मुभा फक्त त्या ग्रुपाला द्या. ज्याला वाचायची मुभा नाही त्याच्या पडद्यावर तो शॉर्टकट दिसतच नाही. नवा माणूस आला, ग्रुपात टाकला, शॉर्टकट आपोआप हजर.

टॅलीबाबत एक गोष्ट मान्य करून चाला. ज्याच्या लॉगिनने टॅली चालतं त्याला डेटा फोल्डरात लिहायची मुभा लागतेच, म्हणजे तो ते फोल्डर उचलूही शकतो. त्याला ते घरच्या लॅपटॉपवर नेता येऊ नये असं वाटत असेल तर "डू नॉट अलाऊ ड्राइव्ह रीडायरेक्शन" लावा. या एका नियमाने क्लायंटचे, म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरचे, ड्राइव्ह तर बंद होतातच, क्लिपबोर्डवरून फाइल चिकटवणंही थांबतं. साधा मजकूर कॉपी होत राहतो. अडचण एवढीच की हा नियम फक्त मशीनच्या बाजूला आहे. सगळ्यांना बंद, नाही तर सगळ्यांना चालू. शेठला तेवढी सूट द्यावी असा आग्रह होतो, ती देता येत नाही. त्यांना फाइल हवी असेल तर मेलने पाठवा.

सेशन कधी संपवायचं

खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबणं म्हणजे लॉग ऑफ नव्हे. सेशन सर्व्हरवर तसंच जिवंत राहतं. वीज गेली, राउटर बंद पडला तरी तसंच राहतं, आणि ही खरं तर रिमोट डेस्कटॉपची सगळ्यात मोठी सोय आहे: दहा मिनिटांनी परत या, अर्धं भरलेलं व्हाउचर जिथल्या तिथे. पण पंधरा जणांची न संपलेली सेशन्स रात्रभर मेमरी अडवून बसतात आणि सकाळी बॅकअपला टॅलीच्या फायली उघड्या सापडतात.

मुदती यूझरच्या बाजूने, सेशन टाइम लिमिट्समध्ये द्या. गोदामाला तुटलेल्या सेशनसाठी ३० मिनिटं पुरतात. हिशेबवाल्यांना ३ तास, म्हणजे जेवणाची सुट्टी आणि वीज दोन्ही सांभाळली जातात आणि संध्याकाळी सातला गेलेल्याचं सेशन दहापर्यंत संपतं. बॅकअप अकराला लावा. शेठना १ दिवस. नुसत्या बसून राहिलेल्या सेशनची, म्हणजे आयडलची मुदत वेगळी असते. ती भरली की सेशन फक्त तुटतं, त्याआधी २ मिनिटं सूचना येते. मात्र "एंड सेशन व्हेन टाइम लिमिट्स आर रीच्ड" हा पर्याय चालू असेल तर ते तुटत नाही, थेट संपतं, आणि सेव्ह न केलेलं एक्सेल गेलं. तो पर्याय बंदच ठेवा.

मेमरीचा ढोबळ हिशेब असा लावावा: सर्व्हरला स्वतःसाठी ४ जीबी, एकखिडकीवाल्या माणसाला १ जीबी, टॅली आणि एक्सेलवाल्याला २, आणि ज्याला सर्व्हरवर ब्राउझर लागतो त्याला ३. पंधरा जणांना ३२ जीबी आणि एसएसडी असली की कुणी कुरकुरत नाही. ब्राउझर शक्यतो आपापल्या कॉम्प्युटरवरच वापरायला लावा.

प्रिंटर

सर्वात जास्त फोन यावरून येतात. "दादा, माझं बिल वरच्या मजल्यावर निघालं."

क्लायंटचे प्रिंटर सेशनमध्ये येतात तेव्हा त्यांच्या नावापुढे "रीडायरेक्टेड ३" असं काही लागतं. तो आकडा सेशनचा क्रमांक आहे आणि दर लॉगिनला बदलतो. जे सॉफ्टवेअर प्रिंटरचं नाव आपल्याकडे लिहून ठेवतं त्याला दुसऱ्या दिवशी तो प्रिंटर सापडत नाही, मग ते जो पहिला दिसेल त्यावर छापतं. त्यात साध्या वापरकर्त्याला फक्त स्वतःचे प्रिंटर दिसतात, पण अ‍ॅडमिनला सगळ्यांचे दिसतात. मुनीमजींना "सोयीसाठी" अ‍ॅडमिन केलेलं असलं की त्यांच्या यादीत वीस प्रिंटर येतात आणि बिल वरच्या मजल्यावर जातं.

जे लेझर प्रिंटर नेटवर्कवर आहेत ते रीडायरेक्ट करूच नका. त्यांना राउटरमध्ये कायमचा आयपी द्या आणि सर्व्हरवर टीसीपी-आयपी पोर्ट काढून एकदाच बसवा. नाव कायम राहतं. मग प्रिंटरच्या सिक्युरिटी टॅबमधून एव्हरीवनची प्रिंट मुभा काढून ती आपापल्या ग्रुपाला द्या, म्हणजे वरच्या मजल्याचा प्रिंटर खालच्याला वापरताच येणार नाही. शिवाय विंडोज शेवटी वापरलेला प्रिंटर आपणहून डिफॉल्ट करतं, ते यूझरच्या पॉलिसीत "टर्न ऑफ विंडोज डिफॉल्ट प्रिंटर मॅनेजमेंट" लावून थांबवा.

डॉट मॅट्रिक्सची गोष्ट वेगळी. गोदामात युएसबीवर लावलेला नऊ पिनी प्रिंटर, त्यावर तीन कॉपीचं सलग कागदाचं चलन. रिमोट डेस्कटॉप मुळात ईझी प्रिंट नावाचा एकच सर्वसाधारण ड्रायव्हर वापरतो. तो पान एक्सपीएस या फाइल-प्रकारात रूपांतरित करून पाठवतो आणि समोरचा कॉम्प्युटर ते चित्र म्हणून छापतो. लेझरला हे उत्तम. डॉट मॅट्रिक्सवर मात्र हेड एकेका ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरतं, चलन रखडत निघतं, तिसरी कॉपी फिकी येते आणि कागदाचं माप चुकून पुढचं चलन दोन ओळी वर सरकतं.

सर्व्हरवर त्या प्रिंटरचा खरा ड्रायव्हर टाका. त्याचं नाव क्लायंटवरच्या ड्रायव्हरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे, एक मोकळी जागा कमी-जास्त असली तरी जुळत नाही. मग त्या लॉगिनच्या पॉलिसीत "यूझ रिमोट डेस्कटॉप ईझी प्रिंट प्रिंटर ड्रायव्हर फर्स्ट" डिसेबल करा. यात ईझी प्रिंट बंद होत नाही, फक्त आधी खरा ड्रायव्हर शोधला जातो. आता छपाईची आखणी सर्व्हरवर होते, म्हणून कागदाचं मापही सर्व्हरवर लागतं. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये फॉर्म्स, तिथे नवा फॉर्म, १० बाय ६ इंच किंवा तुमचं जे असेल ते, आणि हेच नाव, हेच माप क्लायंटवरही. टॅलीत "नीट" (Neat) नावाच्या मोडऐवजी डॉट मॅट्रिक्स मोड निवडा. टॅलीच्या तिसऱ्या, ड्राफ्ट मोडमध्ये छापताना प्रिंटर स्वतःच्या पोटातली अक्षरं वापरतो आणि ती रोमन असतात. चलनावर देवनागरी हवी असेल तर ड्राफ्ट विसरा, वेग थोडा सोसा.

मराठी, हिंदी आणि कीबोर्ड

इंदूरच्या ऑफिसात एकाच टेबलावर तीन कीबोर्ड नांदतात. सरकारी कचेरीची जुनी हिंदी पत्रं कृतिदेव फाँटात, मराठी मंडळाच्या वर्गणीची पत्रं युनिकोड मराठीत, हिशेब इंग्रजीत.

रिमोट डेस्कटॉप जोडताना समोरच्या कॉम्प्युटरवर जो कीबोर्ड चालू असेल तोच सर्व्हरकडे मागतो. तो सर्व्हरवर नसेल तर दुसराच येतो. विंडोज १०मध्ये मराठी फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन कळांचा) कीबोर्ड १९०३ या आवृत्तीत आला. सर्व्हर २०१९ हा त्याआधीच्या १८०९वर बांधलेला आहे, म्हणून त्यावर तो नाही. घरच्या लॅपटॉपवर फोनेटिकने टाइप करणारी बाई सर्व्हरवर आली की बोटं तीच, अक्षरं निराळी. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या मूळ देवनागरी कीबोर्डवर, "पत्र" लिहायला एच, एल, डी, जे अशा कळा दाबायच्या. तिथे डीवर हलन्त आहे. कृतिदेवमध्ये त्याच डीवर "क" आहे.

सर्व्हरने समोरच्याचा कीबोर्ड ऐकूच नये असं हवं असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) एचकेएलएम, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट इथे "इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट" नावाचं डीवर्ड (आकडी नोंद) करून त्यात १ भरा. हे मशीनचं सेटिंग आहे, सगळ्यांना लागतं. पण त्यानंतर प्रत्येक जण सर्व्हरवर आपल्या खात्यात आपले कीबोर्ड ठरवू शकतो आणि ते तसेच टिकतात. जोडीला प्रत्येकाच्या टायपिंग सेटिंगमध्ये "प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा" हा पर्याय चालू करा. मग वर्डात मराठी चालू असतानाही टॅलीची खिडकी इंग्रजीच राहते. "ऱ्या"चा अर्धा र इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे, "ळ" शिफ्ट-एन. एवढी चिठ्ठी टेबलावर चिकटवली की निम्मे प्रश्न मिटतात.

कृतिदेवला कीबोर्डचा प्रश्न नाही, कारण तो मुळात इंग्रजी अक्षरांना देवनागरीचा वेष देतो. त्याचा प्रश्न फाँटाचा. आवृत्ती १८०९पासून विंडोजमध्ये फाँट साध्या इन्स्टॉलने फक्त स्वतःच्या खात्यात बसतो. एकाने बसवला, त्याला "भारत" दिसतं, शेजारच्याला तीच फाइल एच-के-के-जे-आर अशी दिसते. अ‍ॅडमिनने फाइलवर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स" निवडायला हवं. आधी स्वतःपुरता बसवला असेल तर तो काढून मग.

इंटरनेट मंद असेल तर वॉलपेपर, अ‍ॅनिमेशन, रंगांची खोली, सगळं खुशाल कमी करा. फाँट स्मूदिंग तेवढं बंद करू नका. इंग्रजी त्याशिवाय वाचता येतं, पण देवनागरीत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि "कर्ज"चं "कज" वाचलं जातं.

शेठचा लॅपटॉप आणि बाहेरून येणारे

शेठच्या आरडीपी फाइलमध्ये दोन पडदे, डायनॅमिक रिझोल्यूशन आणि आवाज चालू ठेवा, बाकीच्यांच्या फाइलमध्ये हे नको. ४केच्या लॅपटॉपवरून सेशन तोडून तेच ऑफिसच्या साध्या मॉनिटरवर जोडलं तर जुनी सॉफ्टवेअरं धूसर किंवा अवाढव्य दिसतात, कारण त्यांनी सुरू होतानाच पडद्याचं माप घेतलेलं असतं. लॉग ऑफ करून परत आलं की ठीक होतं.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवर उघडून देऊ नका. पोर्ट बदलून ३३९० केला तरी शोधणाऱ्यांना तो सापडतो. मे २०१९मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर झाली तेव्हा विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२वर पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. पोर्ट उघडा असताना लॉकआउट (चुकीच्या पासवर्डांनंतर खातं बंद होणं) लावलं तर दुसरीच पंचाईत: बाहेरचे बॉट चुकीचे पासवर्ड मारत राहतात आणि लॉक होतात तुमची माणसं. वायरगार्डसारखा व्हीपीएन (ऑफिसपर्यंतची सुरक्षित खाजगी वाट) घ्या, त्याचा यूडीपी ५१८२० तेवढा उघडा, आणि ३३८९ फायरवॉलमध्ये फक्त ऑफिसच्या आणि व्हीपीएनच्या पत्त्यांना द्या. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळतच नाही, तेव्हा ऑफिसच्या लाइनला स्थिर आयपी घ्यावा लागतो.

फोनवरून "ते बटण दिसतंय का" विचारत बसण्यापेक्षा सर्व्हरवर क्यूयूझर ही कमांड चालवा, समोरच्याच्या सेशनचा क्रमांक बघा, आणि एमएसटीएससी स्लॅश शॅडो, तो क्रमांक, स्लॅश कंट्रोल असं लिहून त्याच्या पडद्यात शिरा. समोर परवानगीची खिडकी उमटते, त्याने हो म्हटलं की माउस तुमच्या हातात. शेठच्या पॉलिसीत मात्र फक्त बघण्याची मुभा ठेवा, तीही विचारून.